क्षयाच्या जिवाणूतील प्रथिने बंद पाडण्याच्या वाटा

धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूर-उमरग्यापासून भूम-परंड्यापर्यंत, क्षयरोगाचे निदान झालेल्या आणि नेहमीच्या औषधांना दाद देणारा जिवाणू असलेल्या प्रौढ रुग्णाला सरकारी आरोग्य केंद्रातून पहिले दोन महिने जी गोळी मोफत मिळते, तिच्यात ७५ मिलिग्रॅम आयसोनायझिड, १५० मिलिग्रॅम रिफॅम्पिसिन, ४०० मिलिग्रॅम पायरॅझिनामाइड आणि २७५ मिलिग्रॅम इथॅम्ब्युटॉल अशी चार औषधे एकत्र केलेली असतात. अशा किती गोळ्या रोज घ्यायच्या हे रुग्णाच्या वजनावरून ठरते, आणि दोन महिन्यांनंतर पायरॅझिनामाइड वगळून उरलेली तीन औषधे आणखी चार महिने चालू राहतात. रिफॅम्पिसिनमुळे लघवी लालसर-नारिंगी होते, तो रंग औषधाचाच असून त्यात घाबरण्यासारखे काही नाही, हे आशाताई गोळ्या देतानाच सांगून ठेवतात. मात्र त्या एका गोळीच्या आत जिवाणूशी लढण्याच्या चार वेगळ्या रीती सामावलेल्या आहेत, हे सांगण्याची वेळ सहसा कोणावर येत नाही. ही चारही औषधे अखेर जिवाणूच्या प्रथिनांचेच काम बिघडवतात, परंतु प्रत्येकाचा घाव वेगळ्या जागी बसतो आणि टप्पाही नेहमी तोच नसतो. प्रयोगशाळेतील संशोधकही जिवाणूचे एखादे प्रथिन मुद्दाम निकामी करून पाहतात, आणि त्यांच्यापुढेही हाच प्रश्न असतो: घाव नेमका कोणत्या टप्प्यावर घालायचा, आणि त्यातून जे दिसते त्याचा अर्थ काय लावायचा?

जिवाणूचे बहुतेक काम प्रथिने करतात. बाहेरच्या भिंतीसाठी पदार्थ तयार करणे, अन्न फोडून ऊर्जा मिळवणे, डीएनएची प्रत काढणे, एका पेशीच्या दोन पेशी करणे, या साऱ्यांसाठी वेगवेगळी प्रथिने असतात, आणि त्यांतील ज्या प्रथिनांमुळे रासायनिक क्रिया घडून येतात त्यांना विकरे किंवा एन्झाइम म्हणतात. प्रत्येक प्रथिनाची घडण जनुकात, म्हणजे डीएनएच्या ठराविक तुकड्यात, नोंदलेली असते. त्या जनुकावरून आधी आरएनएची तात्पुरती प्रत निघते, त्या प्रतीनुसार रायबोसोम ही पेशीतील यंत्रणा अमिनो आम्लांची साखळी जोडते, ती साखळी विशिष्ट घडीत बसते आणि मगच प्रथिन कामाला लागते. बिघडलेल्या किंवा नको झालेल्या प्रथिनाचे तुकडे करण्याचे काम प्रोटिएज नावाची विकरे करतात. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी ज्याचा शोध जाहीर केला त्या मायकोबॅक्टेरियम ट्यूबरक्युलोसिस या जिवाणूचा संपूर्ण डीएनए १९९८ मध्ये वाचला गेला, तेव्हा त्यात सुमारे ४४ लाख अक्षरे आणि ४,००० च्या आसपास जनुके आढळली. जनुकांची यादी हाती आली, तरी त्यांतील कोणते प्रथिन जिवाणूला जगण्यासाठी अत्यावश्यक आहे आणि कोणते बंद पडले तरी त्याचे भागते, हे यादीवरून कळत नव्हते, आणि ते कळल्याशिवाय नवे औषध कशावर रोखायचे हेही ठरत नव्हते.

एखाद्या प्रथिनाचे काम ओळखण्याचा सर्वांत सरळ उपाय म्हणजे ते बंद पाडून काय बिघडते ते पाहणे. विहिरीवरची मोटार बंद करायची असेल तर ती उचलून नेता येते, वीज तोडता येते किंवा पंख्यात अडथळा घालता येतो. पाणी तिन्ही वेळा थांबते, परंतु ते किती लवकर थांबते, पुन्हा सुरू करता येते का आणि त्या खटाटोपात आणखी काय बिघडते, हे तिन्ही वेळा सारखे नसते. प्रथिनांच्या बाबतीतही जनुक, आरएनए, घडी, आयुष्य आणि प्रत्यक्ष कार्य असे पाच टप्पे असून त्या प्रत्येकावर घाव घालण्याच्या पद्धती गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत विकसित झाल्या आहेत.

जनुकच काढून टाकणे

पहिली पद्धत जनुक गुणसूत्रातून समूळ काढण्याची आहे. जिवाणूत एकमेकांशी जुळणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते, याचा लाभ घेऊन मूळ जनुकाच्या जागी दुसराच एखादा तुकडा, बहुधा प्रतिजैविकाला दाद न देण्याचा गुण देणारे जनुक, बसवला जातो, आणि त्या प्रतिजैविकाच्या माध्यमात ज्या पेशी तगतात त्यांच्यात अदलाबदल झाली असे समजते. आतड्यातील परिचित जिवाणू एश्चेरिशिया कोलाय याच्या बाबतीत जपानमधील संशोधकांनी हे काम जवळजवळ प्रत्येक जनुकासाठी केले. २००६ मध्ये जाहीर झालेल्या केइओ संग्रहात प्रत्येकी एक जनुक गमावलेले ३,९८५ वाण आहेत, तर ३०३ जनुके काढता आली नाहीत, आणि ती बहुधा जगण्यासाठी अत्यावश्यक असावीत असा निष्कर्ष निघाला.

क्षयजंतू मात्र अतिशय संथ वाढतो. कोलायची एक पेशी अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होते, तर क्षयजंतूला त्यासाठी सुमारे वीस तास लागतात आणि बशीतील माध्यमावर डोळ्यांना दिसणारी वसाहत तयार होण्यास तीन ते चार आठवडे जातात. एकेक जनुक काढत बसण्याऐवजी म्हणून ट्रान्सपोझॉन वापरण्यात आले. ट्रान्सपोझॉन म्हणजे गुणसूत्रात कोठेही जाऊन बसणारा डीएनएचा तुकडा. तो ज्या जनुकाच्या मध्यभागी शिरतो ते जनुक तुटते. लाखो पेशींत असे तुकडे सोडायचे, पेशी वाढू द्यायच्या आणि शेवटी कोणत्या जनुकांत हा तुकडा एकदाही सापडत नाही ते डीएनए वाचून पाहायचे, अशी ही रीत आहे; ज्या जनुकात शिरकाव झालेली एकही पेशी जगत नाही, ते जनुक अत्यावश्यक ठरते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच एका व्यापक अभ्यासाने क्षयजंतूची साडेचारशेहून थोडी अधिक जनुके अत्यावश्यक ठरवली, आणि त्यामुळे चार हजारांच्या यादीतून नव्या औषधांच्या दृष्टीने विचारात घेण्याजोगी जनुके वेगळी काढता आली.

या पद्धतीची खात्री मोठी आहे, कारण जनुक नाही म्हणजे प्रथिन नाहीच. तिच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. जे प्रथिन अत्यावश्यक असते त्याचे जनुक काढले की पेशी मरते आणि अभ्यासासाठी काहीच उरत नाही. म्हणजे औषधाच्या दृष्टीने जी प्रथिने सर्वांत महत्त्वाची, नेमक्या त्यांच्याच बाबतीत ही पद्धत ‘आवश्यक आहे’ एवढेच सांगून थांबते. दुसरे असे की जिवाणूत अनेक जनुके ओळीने एकाच आरएनए प्रतीत उतरतात, त्यामुळे एका जनुकात मोडतोड केली की पुढच्या जनुकांचेही काम अडते आणि दोष भलत्याच प्रथिनावर येतो. तिसरे, जे वाण जगतात ते पिढ्यानपिढ्या वाढताना दुसरीकडे बदल करून उणीव भरून काढतात. म्हणूनच काढलेले जनुक वेगळ्या जागी परत बसवून बिघाड दुरुस्त होतो का, हे पाहिल्याशिवाय अशा प्रयोगाचा निष्कर्ष पक्का मानला जात नाही.

रुग्णांच्या शरीरात जिवाणू स्वतःच कधी कधी जनुक गमावतो, आणि त्यातून मिळालेला धडा क्षयरोगाच्या इतिहासात महत्त्वाचा ठरला. आयसोनायझिड हे १९१२ मध्ये प्रथम तयार झालेले रसायन १९५२ मध्ये क्षयावर गुणकारी असल्याचे समजले, पण ते कोणत्या प्रथिनावर काम करते हे त्यानंतर चार दशके कळले नव्हते. १९९२ मध्ये लंडन आणि पॅरिस येथील संशोधकांनी दाखवले की औषधाला दाद न देणाऱ्या काही जिवाणूंत कॅट-जी नावाचे जनुक मुळातच नाहीसे झालेले होते, आणि ते परत दिल्यावर औषध पुन्हा लागू पडू लागले. याचा अर्थ असा की आयसोनायझिड रुग्णाच्या पोटात जाते तेव्हा ते निष्क्रिय असते; जिवाणूचेच कॅट-जी हे विकर त्याला सक्रिय करते. एखादे प्रथिन नाहीसे झाल्याने जिवाणू दुबळा होईलच असे नाही, उलट औषधाच्या संगतीत तेच नाहीसे होणे त्याला वाचवते, ही गोष्ट जनुक काढण्याच्या पद्धतीचे निष्कर्ष वाचताना नेहमी ध्यानात ठेवावी लागते.

तापमानाने घडी विस्कटणे

अत्यावश्यक प्रथिनांचा अभ्यास करण्यासाठी १९५० च्या दशकापासून तापमानाला हळवे वाण वापरले जाऊ लागले. अशा वाणात जनुकातील एखादे अक्षर बदललेले असते, त्यामुळे तयार होणारे प्रथिन कमी तापमानाला आपली घडी टिकवून नेहमीसारखे काम करते, पण तापमान काही अंशांनी वाढवले की त्याची घडी विस्कटते. जिवाणू आधी कमी तापमानाला भरपूर वाढवता येतो आणि मग हवे त्या क्षणी तापमान वाढवून प्रथिन बंद पाडता येते, त्यामुळे मृत्यूकडे जाणारी वाट पायरीपायरीने पाहता येते.

आयसोनायझिडचे कोडे सोडवण्यात या पद्धतीचा वाटा मोठा आहे. न्यूयॉर्क येथील विल्यम जेकब्स यांच्या गटाने १९९४ मध्ये इन्ह-ए हे प्रथिन त्या औषधाचे लक्ष्य असावे असे मांडले. हे विकर मायकोलिक आम्ले तयार करण्याच्या साखळीत असते. ही लांबलचक स्निग्ध आम्ले क्षयजंतूच्या मेणचट आवरणाचा कणा असून अनेक नेहमीची औषधे त्याच आवरणामुळे आत शिरू शकत नाहीत. परंतु औषधाने इन्ह-ए अडते म्हणून जिवाणू मरतो, की औषधाच्या इतर एखाद्या परिणामामुळे, हे केवळ औषध वापरून ठरणे शक्य नव्हते. २००० मध्ये त्याच गटाने क्षयजंतूचा निरुपद्रवी, वेगाने वाढणारा भाऊबंद असलेल्या मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिसमध्ये तापमानाला हळवे इन्ह-ए असलेला वाण वापरला. तापमान ४२ अंश सेल्सिअसवर नेताच, आयसोनायझिडचा कणही नसताना, मायकोलिक आम्ले तयार होणे थांबले, त्यांच्या आधीच्या टप्प्यावरची स्निग्ध आम्ले साचली आणि पेशी फुटून मेल्या. औषध दिल्यावर जे घडत होते तेच केवळ प्रथिनाची घडी मोडल्याने घडले. दोन अगदी वेगळ्या पद्धतींनी एकच परिणाम दिसला, तेव्हा इन्ह-ए हेच लक्ष्य असल्याचे म्हणणे बळकट झाले.

या पद्धतीची अडचण अशी की योग्य वाण हाती लागण्यासाठी मोठी शोधाशोध करावी लागते, काही वाणांत प्रथिन थंड स्थितीतही अर्धवटच काम करते, आणि उष्णतेचा स्वतःचाच परिणाम जिवाणूच्या शेकडो इतर प्रथिनांवर होतो. मूळ वाण त्याच तापमानाला ठेवून तुलना केल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

आरएनएची प्रत रोखणे

गेल्या दशकात सर्वाधिक पसरलेली पद्धत जनुकाला हात न लावता त्याची आरएनए प्रत निघू न देण्याची आहे. क्रिस्पर ही जिवाणूंची विषाणूंपासून बचाव करणारी यंत्रणा असून तिच्यातील कॅस-९ हे प्रथिन एका छोट्या मार्गदर्शक आरएनएच्या साहाय्याने डीएनएवरची नेमकी जागा शोधून तेथे कापते. २०१३ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी कापण्याची क्षमता काढून घेतलेले कॅस-९ वापरले. ते नेमक्या जागी जाऊन नुसते बसते आणि आरएनए तयार करणाऱ्या विकराची वाट अडवते. या पद्धतीला क्रिस्पर-अवरोध म्हणता येईल. मायकोबॅक्टेरियांमध्ये ती वापरता येते हे सर्वप्रथम दाखवणाऱ्यांत फरिदाबाद येथील ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटमधील निशीथ अग्रवाल आणि त्यांचे सहकारी होते; २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात एक किंवा एकाच वेळी अनेक जनुके अशा प्रकारे गप्प करता आली.

अत्यावश्यक जनुकही हवे तेव्हा, हवे तितकेच दाबता येते, हे या पद्धतीचे बलस्थान आहे. मात्र आरएनए थांबले तरी आधी तयार झालेले प्रथिन पेशीत शिल्लक असते. ते टिकाऊ असेल तर पेशीविभाजनाबरोबर दर पिढीला निम्मे होत जाते, आणि दहा पिढ्यांनंतर मूळच्या एक हजारांशाहून किंचित कमी उरते. कोलायसाठी या दहा पिढ्या म्हणजे साडेतीन तासांहून कमी वेळ, तर क्षयजंतूसाठी सुमारे दोनशे तास, म्हणजे आठ दिवसांहून अधिक काळ. जो जिवाणू फुफ्फुसात सुप्तावस्थेत बसून आहे, त्याच्यात विभाजनच होत नसल्याने प्रथिन असे विरळ होत नाही. शिवाय ओळीतल्या पुढच्या जनुकांची प्रतही थांबते, ही पहिल्या पद्धतीतली अडचण येथेही कायम राहते.

गोळीतील रिफॅम्पिसिन याच टप्प्यावर काम करते, फक्त ते एक जनुक निवडत नाही. आरएनए तयार करणाऱ्या आरएनए पॉलिमरेज या विकराला ते अशा ठिकाणी चिकटते की नव्या आरएनएच्या साखळीला दोन-तीन दुव्यांपलीकडे वाढायला वाट राहत नाही. त्यामुळे एकाच वेळी जवळजवळ सर्व जनुकांच्या प्रती थांबतात, आणि ज्या औषधामुळे क्षयरोगाचा उपचार दीड-दोन वर्षांवरून काही महिन्यांवर आणणे शक्य झाले, त्याचे सामर्थ्य येथे आहे.

तयार प्रथिनच नष्ट करणे

प्रथिन शिल्लक राहण्याच्या अडचणीवर उपाय म्हणून प्रथिनाच्या टोकाला अमिनो आम्लांची एक छोटी खूण जोडण्याची युक्ती निघाली. जिवाणूतील क्लप नावाच्या प्रोटिएज यंत्रणा अशा खुणा ओळखून त्या प्रथिनाचे तुकडे करतात, आणि खूण ओळखण्यास मदत करणारे दुसरे एक प्रथिन हवे तेव्हा चालू करण्याची सोय असेल तर मूळ प्रथिनाचा नाश संशोधकाच्या हातात राहतो. विभाजनाची वाट पाहावी लागत नसल्याने वाढ थांबलेल्या जिवाणूतही ही पद्धत चालते, आणि जनुकाच्या शेजाऱ्यांना धक्का लागत नाही. प्रत्येक प्रथिनाला खूण मानवतेच असे मात्र नाही. काहींची घडी खुणेमुळेच बिघडते, काहींचे टोक आत दडलेले असल्याने खूण प्रोटिएजला दिसत नाही.

क्षयरोगाच्या गोळीतील सर्वांत गूढ मानल्या गेलेल्या पायरॅझिनामाइडचे कार्य काहीसे याच रीतीचे असल्याचे अलीकडे दिसून आले आहे. हे औषधही जिवाणूच्याच पीएनसी-ए या विकरामुळे सक्रिय होते आणि पायरॅझिनॉइक आम्ल बनते. थॉमस डिक आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडले की हे आम्ल पॅन-डी या प्रथिनाला चिकटते आणि ते प्रथिन क्लप यंत्रणेच्या तावडीत सापडून नष्ट होते. पॅन-डी हे कोएन्झाइम-ए या जीवनावश्यक रेणूच्या निर्मितीत आवश्यक असते. औषधाने प्रथिन नुसते अडवण्याऐवजी जिवाणूच्याच यंत्रणेकडून त्याचा नाश करवून घेण्याची ही कल्पना पुढे मुद्दाम वापरण्याचेही प्रयत्न सुरू झाले, आणि व्हिएन्ना येथील संशोधकांनी २०२२ मध्ये लक्ष्य-प्रथिनाला अशा यंत्रणेशी जोडणारे रेणू जिवाणूंसाठी तयार करून दाखवले.

रसायनाने कार्य अडवणे

पाचवी पद्धत प्रत्यक्ष रसायनाची. इथॅम्ब्युटॉल पेशीभिंतीतील शर्करेच्या साखळ्या जोडणाऱ्या विकरांना अडवते, सक्रिय झालेले आयसोनायझिड एनएडी या सहरेणूशी जोडले जाऊन इन्ह-एच्या कार्यस्थळी घट्ट बसते. रसायनाचा परिणाम लवकर दिसतो, मात्रा कमी-जास्त करता येते, जनुकांत काहीही फेरफार न केलेल्या जिवाणूवर ते चालते, आणि रुग्णापर्यंत पोहोचू शकणारी ही एकमेव पद्धत आहे. तिचे मूळ दुबळेपण म्हणजे नेमकेपणाची खात्री नसणे. एक रसायन एकाच प्रथिनाला चिकटते हे गृहीत धरता येत नाही.

मुंबईतील आयआयटीमध्ये दुलाल पांडा यांच्या प्रयोगशाळेत एफटीएस-झेड या प्रथिनावर झालेले काम या संदर्भात पाहण्यासारखे आहे. पेशी दोन होण्याआधी हे प्रथिन पेशीच्या मध्यभागी कडे तयार करते आणि ते कडे आवळत गेले की पेशी विभागते. तापमानाला हळव्या वाणांत हे प्रथिन बंद पडले की जिवाणू विभागू न शकल्याने दोरीसारखा लांबत जातो, हे आधीपासून माहीत होते. २००८ मध्ये या प्रयोगशाळेने दाखवले की हळदीतील कर्क्युमिन एफटीएस-झेडच्या जुळणीत व्यत्यय आणते, बॅसिलस सबटिलिस या जिवाणूतील कडे विस्कळीत होते आणि पेशी लांब होतात. प्रथिन मोडल्यावर दिसणारे लक्षण आणि रसायन दिल्यावर दिसणारे लक्षण जुळले, ही या कामाची जमेची बाजू आहे. तरीही कर्क्युमिन अनेक निरनिराळ्या प्रथिनांशी आणि चाचण्यांशी ढवळाढवळ करते, शरीरात लवकर विघटित होते आणि रक्तात पुरेसे पोहोचत नाही, हे पुढे औषधरसायनशास्त्रज्ञांनी तपशिलाने दाखवून दिले आहे. हळदीत जिवाणूविरोधी गुण आहे, या विधानापासून हळदीने अमुक आजार बरा होतो या विधानापर्यंतचे अंतर किती मोठे आहे आणि त्यात किती प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात, हे यावरून लक्षात यावे.

अनुपस्थिती आणि अडवणूक एक नव्हे

या पाच पद्धतींची तुलना करताना सर्वांत महत्त्वाची बाब ही की प्रथिन नसणे आणि प्रथिन असून अडलेले असणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत. डीएनएचा पीळ सांभाळणारे गायरेज हे विकर याचे उत्तम उदाहरण आहे. आयसोनायझिड किंवा रिफॅम्पिसिनला दाद न देणाऱ्या क्षयावर वापरली जाणारी लेव्होफ्लॉक्सॅसिन आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन ही औषधे गायरेजला नुसते थांबवत नाहीत. गायरेजने डीएनए कापल्यावर आणि तो पुन्हा जोडण्याआधी ती त्याला तेथेच पकडून ठेवतात, त्यामुळे गुणसूत्रात तुटलेल्या जागा राहतात आणि त्या पेशीला घातक ठरतात. गायरेजचे प्रमाण केवळ घटवले तर अशा तुटलेल्या जागा तयार होत नाहीत. म्हणजे एकाच प्रथिनावर दोन पद्धतींनी घाव घातला असता जिवाणूचा मृत्यू दोन निराळ्या कारणांनी येऊ शकतो, आणि एका पद्धतीचा निष्कर्ष दुसरीला जसाच्या तसा लावणे चुकीचे ठरते.

दुसरी बाब प्रमाणाची. २०११ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी स्मेग्मॅटिसमध्ये ज्ञात प्रतिजैविकांची लक्ष्य-प्रथिने एकेक करून घटवली, तेव्हा वाढीवर होणारा परिणाम प्रत्येक वेळी फार वेगळा निघाला; काही प्रथिने थोडी कमी होताच वाढ खुंटली, तर काहींचा अगदी अल्प अंश उरला तरी जिवाणू वाढत राहिला. जनुक काढण्याच्या पद्धतीत ही दोन्ही प्रकारची प्रथिने सारखीच अत्यावश्यक दिसतात, कारण ती पद्धत प्रथिन आहे किंवा नाही एवढेच विचारते. औषध मात्र रुग्णाच्या शरीरात प्रथिन शंभर टक्के कधीच अडवू शकत नाही, म्हणून किती घटीने जिवाणू कोलमडतो हा प्रश्न औषधनिर्मितीसाठी अधिक मोलाचा आहे, आणि त्याचे उत्तर क्रिस्पर-अवरोध किंवा नाशाची खूण या मात्रा ठरवता येणाऱ्या पद्धतींनीच मिळते.

तिसरी बाब एकाहून अधिक प्रथिने एकदम अडवण्याची. मराठवाड्यातच, छत्रपती संभाजीनगर येथील वोखार्टच्या संशोधन केंद्रात विकसित झालेले झिडेबॅक्टम हे रसायन क्षयासाठी नव्हे, तर रुग्णालयांत आढळणाऱ्या चिवट जिवाणूंसाठी आहे. ते पेशीभिंत बांधणाऱ्या प्रथिनांपैकी एकाला अडवते आणि जोडीला दिलेले सेफेपिम मुख्यतः दुसऱ्याला अडवते, त्यामुळे एकट्याने न भागणारे काम दोघे मिळून करतात. क्षयाच्या चार औषधांच्या गोळीमागेही हाच विचार आहे, आणि त्याला संख्येचा आधार आहे: एका औषधाला चुकवणारा बदल असलेली पेशी रुग्णाच्या फुफ्फुसातील कोट्यवधी जिवाणूंत आधीच असू शकते, परंतु सर्व औषधांना चुकवणारे बदल एकाच पेशीत एकदम असण्याची शक्यता अत्यल्प असते.

जिवाणूही याच टप्प्यांपैकी काहींवर प्रतिकार करतो. तो औषध सक्रिय करणारे कॅट-जी किंवा पीएनसी-ए गमावतो, लक्ष्य-प्रथिनाचे प्रमाण वाढवतो किंवा त्याचा आकार किंचित बदलतो. रिफॅम्पिसिनला दाद न देणाऱ्या सुमारे ९५ टक्के जिवाणूंत पॉलिमरेजच्या जनुकातील अवघ्या ८१ अक्षरांच्या भागात बदल सापडतो, आणि म्हणूनच थुंकीच्या नमुन्यात तेवढाच भाग तपासून औषध लागू पडेल की नाही हे काही तासांत सांगता येते. गोव्यातील मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे यंत्र याच तत्त्वावर काम करते; जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली, आणि मोठ्या प्रयोगशाळेपासून दूर असलेल्या तालुक्यांसाठी त्याचे महत्त्व विशेष आहे.

धाराशिवसारख्या जिल्ह्यात या ज्ञानाचा संबंध थेट माणसांच्या जगण्याशी येतो. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यांकडे निघणाऱ्या ऊसतोड टोळ्यांतील रुग्णाचा उपचार मध्येच तुटला, तर त्याच्या शरीरात उरलेल्या जिवाणूंची प्रथिने पुन्हा कामाला लागतात, आणि औषधे अनियमित मिळत राहिली तर ज्या पेशींना त्यांची सर्वांत कमी झळ लागते त्यांचीच संख्या वाढते. निक्षय या राष्ट्रीय नोंदणी प्रणालीमुळे रुग्णाला देशात कोठेही पुढच्या गोळ्या मिळू शकतात, पण ही सोय मुकादमापासून कारखान्याच्या तळापर्यंत पोहोचवली तरच ती उपयोगी पडते. बरे वाटू लागल्यावरही सहा महिने गोळ्या का घ्यायच्या, याचे शास्त्रीय उत्तर प्रयोगशाळेतील प्रथिनांच्या अभ्यासातच आहे: झपाट्याने वाढणारे जिवाणू पहिल्या काही आठवड्यांत मरतात, संथ आणि सुप्त जिवाणूंची प्रथिने मात्र पुरेशी आणि पुरेसा काळ अडवून ठेवावी लागतात.

धाराशिव येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या उपपरिसरात जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे हा विषय पाठ्यपुस्तकातील पद्धतींची यादी म्हणून न येता, आपल्या तालुक्यातील रुग्णाच्या गोळीत काय घडते याचे स्पष्टीकरण म्हणून आला, तर त्यातून औषधाचे आणि संशोधनाचे दोन्हीचे भले होईल. कोणतीही एक पद्धत सर्वश्रेष्ठ नाही, आणि एकाच पद्धतीच्या आधारे एखाद्या प्रथिनाला औषधाचे लक्ष्य ठरवून वर्षानुवर्षे पैसा ओतणे हे गरीब रुग्णांच्या देशाला परवडणारे नाही. जनुक काढून आवश्यकता समजते, आरएनए रोखून किंवा प्रथिन नष्ट करून किती घट पुरेशी आहे ते समजते, रसायनाने ते प्रत्यक्ष रुग्णात साधेल का ते समजते. हे तिन्ही पुरावे एकाच दिशेने बोट दाखवतात तेव्हाच निष्कर्षावर उपचार उभारता येतो; आयसोनायझिड आणि इन्ह-एच्या बाबतीत निराळ्या पद्धतींचे पुरावे असेच जुळले.